परदेशी खरेदी बीजकावरील व्हॅट : हिशेबातील नोंद आणि परताव्याचा अर्ज

युरोपीय संघातील एखाद्या लहान व्यवसायाला दुसऱ्या सदस्य देशातून आलेल्या बीजकावर त्या देशाचा व्हॅट लागलेला असला, तर ती रक्कम स्वतःच्या देशातील व्हॅट विवरणपत्रात वजावट म्हणून दाखवता येत नाही. हा कर ज्या सरकारच्या तिजोरीत गेला, त्याच सरकारकडे तो परत मागावा लागतो.

मात्र परतावा मागण्यापूर्वी तो कर मुळात लागायला हवा होता का, हे तपासावे. नोंदणीकृत व्यवसायाला दिलेल्या सल्ला, जाहिरात यांसारख्या बहुतेक सेवांवर ग्राहकाच्या देशात रिव्हर्स चार्ज पद्धतीने, म्हणजे विक्रेत्याऐवजी ग्राहकानेच, कर भरायचा असतो, म्हणून पुरवठादाराने स्वतःच्या देशाचा व्हॅट लावणे चूक ठरते. चुकीने आकारलेला व्हॅट परताव्याच्या प्रक्रियेतून मिळत नाही. त्यासाठी पुरवठादाराला आपला व्हॅट क्रमांक कळवून क्रेडिट नोट (आधीचे बीजक रद्द करणारा कागद) आणि सुधारित बीजक मागावे लागते, आणि हे काम बिलाचे पैसे चुकते करण्याआधी केलेले बरे.

हॉटेल, उपाहारगृह, जागेवर भरलेले इंधन यांवर मात्र त्या देशाचा कर रीतसर लागतो. समजा, नेदरलँड्समधील व्यावसायिकाला जर्मनीतील हॉटेलचे २१४ युरोंचे बीजक मिळाले आणि त्यात ७ टक्के दराने १४ युरो व्हॅट आहे. परतावा मागायचा असेल तर २०० युरो प्रवासखर्चात आणि १४ युरो ‘परदेशी व्हॅट येणे’ अशा स्वतंत्र खात्यात लिहावेत. मागायचा नसेल तर पूर्ण २१४ युरो खर्चच होय.

अर्ज करणारा व्यवसाय स्वतःच्या देशात व्हॅटसाठी नोंदणीकृत असावा आणि परतावा देणाऱ्या देशात त्याचे कार्यालय नसावे. तिथे करपात्र विक्रीही, काही अपवाद वगळता, केलेली नसावी. लहान उद्योगांसाठीच्या व्हॅट सूटयोजनेत असलेल्यांना हा हक्क नाही, ही अट अनेकांच्या ध्यानात उशिरा येते. शिवाय कोणत्या खर्चावर वजावट द्यायची, हे परतावा देणाऱ्या देशाच्या नियमांवर ठरते.

अर्ज स्वतःच्या देशाच्या कर विभागाच्या पोर्टलवरून, पुढील वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत करायचा असतो. पूर्ण वर्षासाठी किमान ५० युरो आणि तिमाहीसाठी किमान ४०० युरो मागणी हवी. म्हणजे वरचे १४ युरो एकटे पुरत नाहीत, त्याच देशातील वर्षभराची बीजके एकत्र करावी लागतात. बीजक कर्मचाऱ्याच्या नव्हे, व्यवसायाच्या नावे असावे. त्यावर पुरवठादाराचा व्हॅट क्रमांक, बीजक क्रमांक, तारीख आणि कराची वेगळी रक्कम असावी. करपूर्व रक्कम १,००० युरो, किंवा इंधनाच्या बाबतीत २५० युरो किंवा अधिक असल्यास संबंधित देश बीजकाची स्कॅन प्रत मागू शकतो.

निर्णय साधारणपणे ४ महिन्यांत येतो. जादा माहिती मागितल्यास ८ महिन्यांपर्यंत लांबतो, आणि त्या पत्राला एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. ते पत्र नोंदवलेल्या ई-मेलवर येऊन पडते, म्हणून तो पत्ता रोज पाहिला जाणाराच असावा. रक्कम जमा झाली की येणे खाते मिटवावे आणि दुसऱ्या चलनाचा व्यवहार असल्यास विनिमय दरातील फरक वेगळा लिहावा; अर्ज अंतिमतः नाकारला गेला, तर ती रक्कम येणे खात्यात ठेवू नये, मूळ खर्चाच्या खात्यात वळवावी.