खासगी शाळा म्हणजे चांगली शाळा?

‘जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत नाहीत, फी भरली की मूल शिकते’ हा समज महाराष्ट्रात वर्षानुवर्षे घरोघरी रुजलेला आहे आणि तो खरा नाही. खासगी शाळांतील मुलांचे गुण सरासरीने अधिक दिसतात, हे मान्य. परंतु त्या मुलांचे पालक बहुधा अधिक शिकलेले व सुस्थितीतले असतात आणि घरचे हे पाठबळ शाळेच्या नावावर जमा होते. आंध्र प्रदेशात सोडत काढून खेड्यांतील काही मुलांना खासगी शाळांत मोफत प्रवेश देण्यात आला, तेव्हा ४ वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात ती मुले सोडत न लागलेल्या मुलांच्या बरोबरीचीच निघाली. (हिंदीत ती पुढे होती आणि खासगी शाळांचा दरडोई खर्चही बराच कमी होता, हेही सांगितले पाहिजे.)

म्हणून शाळा निवडताना इमारत आणि गणवेश क्षणभर बाजूला ठेवावेत आणि तिसरीतल्या एखाद्या मुलाची वही उघडावी. चुकलेल्या बेरजेवर नुसती लाल फुली आहे, की हातचा कुठे राहिला हे बाईंनी शेजारी मांडून दाखवले आहे? मग त्याच मुलाला न शिकवलेला धडा वाचायला द्यावा आणि त्यात काय घडले, ते त्याच्याच शब्दांत ऐकावे.