पहिलं वेब पान आणि बिघडलेली वेलांटी

नोटपॅड उघडा, 'मराठी' एवढा एकच शब्द लिहा आणि फाइल सेव्ह करा. नावाच्या शेवटी 'डॉट एचटीएमएल' हवं. खाली 'ऑल फाइल्स' निवडायला विसरू नका, नाहीतर नोटपॅड त्यामागे 'डॉट टीएक्सटी' चिकटवून टाकतं. आता फाइलवर दोनदा क्लिक करा. ब्राउझर उघडतो. हेच तुमचं पहिलं वेब पान, आणि ते बघायला इंटरनेटही लागत नाही.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९९० च्या अखेरीस जगातलं पहिलं वेब पान केलं, तेही मुळात साधा मजकूरच होता. मजकुरात कोनी कंसांच्या खुणा घालायच्या: हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा. फाइल एवढंच सांगते, मांडणी ब्राउझर करतो. म्हणून तर तुम्ही कितीही वेळा एंटर दाबलंत तरी पानावर ओळी सलग येतात. ब्राउझरच्या लेखी एंटर म्हणजे नुसती मोकळी जागा. नवा परिच्छेद हवा तर 'पी' ही खूण द्यावी लागते.

इथवर सोपं आहे. पण मराठीत पान करणाऱ्याला कधीतरी एक धक्का बसतोच: 'मराठी'च्या जागी चित्रविचित्र चिन्हांची रांग दिसते. माझंही असंच झालं होतं. फाइल खराब झाली असं समजून मी ती पुसून टाकली. ती अगदी धडधाकट होती, हे फार उशिरा कळलं.

कॉम्प्युटर अक्षरं नव्हे, आकडे साठवतो; कोणते आकडे म्हणजे कोणतं अक्षर, हे एका तक्त्यावरून ठरतं. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले तीन आकडे, लागतात. 'मराठी' आपल्याला तीन अक्षरी वाटतो, पण काना आणि वेलांटी वेगळी मोजली की चिन्हं होतात पाच, म्हणजे पंधरा बाइट. 'म'चे आकडे २२४, १६४, १७४. ब्राउझरने जुन्या पाश्चात्त्य तक्त्यातून एकेक आकडा सुटा वाचला, की एका 'म'ची तीन चिन्हं होतात. शेवटच्या दीर्घ वेलांटीचे आकडे २२४, १६५, १२८. त्या तक्त्यात १६५ म्हणजे जपानी येनची खूण आणि १२८ म्हणजे युरोची! आकडे बरोबर, तक्ता चुकीचा.

त्यामुळे अशी चिन्हं दिसली तर घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र सेव्ह करतानाच अक्षरं गेलेली असण्याची शक्यता मोठी. म्हणून सेव्हच्या चौकटीत 'एन्कोडिंग'समोर यूटीएफ-८ आहे ना, हे आधी बघावं.

आणि ब्राउझरलाही तसं सांगावं. कधी तो स्वतःहून ओळखतो, कधी चुकतो. कोनी कंसात 'मेटा चारसेट', बरोबरचं चिन्ह आणि 'यूटीएफ-८' अशी एक ओळ रोमन अक्षरांत लिहायची. ती फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत लागते, आणि देवनागरीत साडेतीनशेही चिन्हं होण्याआधी एवढे बाइट संपतात. तेव्हा ती अगदी वरच घाला, सेव्ह करा, ब्राउझरमध्ये एफ-५ दाबा. येन आणि युरो जाऊन वेलांटी 'ठ'च्या शेजारी परत येते.