एंटर द वू-टँग (३६ चेंबर्स)

न्यूयॉर्कमधील वू-टँग क्लॅन या हिप हॉप गटाचा पहिला स्टुडिओ अल्बम. लाउड रेकॉर्ड्स या कंपनीने तो ९ नोव्हेंबर १९९३ रोजी प्रकाशित केला. रिझा, जिझा, ओल डर्टी बास्टर्ड, मेथड मॅन, रेक्वॉन, घोस्टफेस किला, इन्स्पेक्टा डेक, यू-गॉड आणि मास्टा किला या नऊ जणांचा हा गट स्टॅटन आयलंड या उपनगराशी जोडलेला असून, हाँगकाँगच्या कुंग-फू चित्रपटांच्या ओढीने त्यांनी आपल्या उपनगराला, कुंग-फूसाठी प्रसिद्ध चिनी मठाच्या नावावरून, ‘शाओलिन’ म्हणायला सुरुवात केली होती. अल्बमचे नावही १९७८ च्या ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ या चित्रपटावरून घेतले आहे आणि गाण्यांच्या अधूनमधून अशा चित्रपटांतील इंग्रजी संवाद ऐकू येतात.

न्यूयॉर्कच्या फायरहाउस या छोट्या स्टुडिओत, तोकड्या खर्चात हे ध्वनिमुद्रण झाले. संगीताची बाजू प्रामुख्याने रिझाने सांभाळली. जुन्या सोल (कृष्णवर्णीय अमेरिकी गायनप्रकार) गीतांचे तुकडे सॅम्पलरवर, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे तुकडे पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रावर, घेऊन त्याने ते जड, खरखरीत ठेक्यांवर बसवले. ‘क्रीम’ या गाण्यातील उदास पियानो द शार्मेल्स या गायिकासमूहाच्या १९६७ च्या गीतातून, तर ‘टिअर्झ’ची धून वेंडी रेनीच्या १९६४ च्या गीतातून आली आहे. त्या काळी रॅपर आणि निर्माता डॉ. ड्रे याच्या प्रभावाखालील पश्चिम किनाऱ्याचे गुळगुळीत, सफाईदार रॅप अमेरिकेत गाजत असताना हा ओबडधोबड नाद मुद्दाम वेगळा उठून दिसला. ‘क्रीम’मध्ये रेक्वॉन आणि इन्स्पेक्टा डेक यांनी गरिबी, अमली पदार्थांचा धंदा आणि तुरुंगवास यांचे जे वर्णन केले आहे, त्यात बढाईपेक्षा थकवा अधिक आहे, आणि म्हणूनच अल्बममधील सर्वांत टिकाऊ गाणे तेच ठरते.

ग्वाल्हेरच्या मराठी श्रोत्याला, भाषा आणि शिवराळपणा अनोळखी असला तरी, या गटाची घडण समजायला घराण्याची कल्पना उपयोगी पडते. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्या गायकीतून पुढे शंकर पंडित, कृष्णराव पंडित असे गवैये शहरातच घडले, तर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तीच गायकी महाराष्ट्रात रुजवली. शिस्त एक राहिली आणि गळे मात्र निरनिराळे. वू-टँगमध्ये गुरुशिष्यांच्या पिढ्या नाहीत, सगळे जवळपास समवयस्क आहेत, पण ओल डर्टी बास्टर्डचे अर्धे गाणे, अर्धे ओरडणे आणि जिझाचे मोजके, कोरडे शब्द एकाच ठेक्यावर शेजारी ऐकले की प्रत्येकाचा बाज ताबडतोब ओळखता येतो. आठ जणांनी आळीपाळीने म्हटलेले ‘प्रोटेक्ट या नेक’ त्यासाठी आधी ऐकावे. नववा, मास्टा किला, उशिरा आल्याने संपूर्ण अल्बममध्ये एकाच गाण्यात ऐकू येतो.

‘प्रोटेक्ट या नेक’ गटाने आधी स्वतःच्या बळावर काढले होते. त्याला मिळालेल्या प्रतिसादामुळे लाउड रेकॉर्ड्सशी करार करताना, प्रत्येक सदस्याला एकट्याने दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची मोकळीक त्यांना मिळवता आली. ही अट त्या व्यवसायात असाधारण होती. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या अल्बम यादीत ४१ व्या स्थानापर्यंत पोचलेल्या या अल्बमला १९९५ मध्ये अमेरिकेत प्लॅटिनम (दहा लाख प्रतींचे) मानांकन मिळाले आणि २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने (लायब्ररी ऑफ काँग्रेस) राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत त्याचा समावेश केला. परंतु त्याचा खरा विस्तार त्या करारातून झाला, कारण १९९४ आणि १९९५ या दोन वर्षांत मेथड मॅन, ओल डर्टी बास्टर्ड, रेक्वॉन आणि जिझा यांचे स्वतंत्र अल्बम वेगवेगळ्या कंपन्यांकडून आले आणि त्या सर्वांचे संगीतही मुख्यत्वे रिझाचेच होते.