बिब्ब्याच्या गोतावळ्यातलं चिनी लॅकर

धुणं वाळायला ऊन आणि वारा लागतो. चिनी लॅकरचं नेमकं उलटं. कोरड्या हवेत ते दिवसचे दिवस चिकट राहतं, आणि दमट, कोंदट खोलीत ठेवलं की टणक होतं. त्यातलं पाणी उडून जाणं ही इथे दुय्यम गोष्ट. खरं काम करते ती एक रासायनिक प्रक्रिया, आणि जुन्या लॅकरच्या भांड्यांवरचं जवळपास सगळं नक्षीकाम त्या प्रक्रियेच्या अटी सांभाळतच घडलं आहे.

लॅकर म्हणजे पूर्व आशियातल्या एका झाडाच्या सालीला खाचा पाडून गोळा केलेला चीक. हे झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. चिकात निम्म्याहून जास्त उरुशिऑल नावाचं तेलकट द्रव्य असतं. बाकी पाणी, थोडा डिंक आणि अगदी नावापुरतं लॅकेज हे विकर (एन्झाइम). ७०-८० टक्के आर्द्रता आणि २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान मिळालं की हे तांबंयुक्त विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने उरुशिऑलचे रेणू एकमेकांत गुंतवू लागतं. एकदा ते जाळं जमलं की पाणी, दारू, सौम्य आम्ल कशालाच दाद देत नाही. आपल्याकडच्या बांगड्यांची लाख किड्यांपासून मिळते. ती स्पिरिटमध्ये विरघळते आणि उष्णतेने मऊ होते, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नये.

कच्चा चीक अंगाला लागला तर मात्र खाज, सूज, फोड ठरलेले. बिब्बा उतल्याचा अनुभव असलेल्यांना वेगळं सांगायला नको, कारण बिब्ब्याच्या तेलातली द्रव्यं रचनेने उरुशिऑलची सख्खी भावंडं आहेत. परीट कपड्यांवर बिब्ब्याने न निघणाऱ्या खुणा करत, त्यामागेही हीच जातकुळी.

हा लेप किती टिकाऊ असतो, ते १९७२ साली चीनच्या हुनान प्रांतात मावांगदुई इथल्या उत्खननात दिसलं. सुमारे २,२०० वर्षांपूर्वीच्या, हान राजवटीच्या काळातल्या एका सरदारपत्नीच्या कबरीत लॅकरची ताटं, वाट्या, पेले निघाले. काहींवर ‘जेवा खुशाल’ अशा अर्थाची अक्षरं होती. एका भांड्याचं झाकण काढलं, तर आतल्या पाण्यात कमळकाकडीच्या चकत्या तरंगत होत्या. भांडं हलवताच चकत्या विरघळून गेल्या. भांडं टिकलं.

आता रंगांकडे येऊ. चीक घट्ट होताना तपकिरी होतो, आणि त्यातलं उरुशिऑल अनेक रंगद्रव्यांशी झगडा मांडतं. त्यात निभावून जाणारे मोजकेच. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, त्याचा लाल. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड, त्याचा पिवळा. हरताळात नीळ मिसळून हिरवा. काळ्यासाठी काजळी, किंवा लोखंडाची संयुगं, जी उरुशिऑलशी संयोग पावून गर्द काळा देतात. शुभ्र पांढरा या यादीत नाही. तपकिरी चिकात तो मातकट होऊन जातो. काळ्या पृष्ठावर शिंपल्याचे पातळ तुकडे जडवण्याची कला चीनमध्ये एवढी का बहरली, याचं एक कारण मला यातच दिसतं: चिकाला न जमणारी चमक समुद्राने पुरवली.

दुसरी अट जाडीची. एका वेळी थर मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकाच द्यायचा. जाड दिला तर वर साय धरते, सुरकुत्या पडतात आणि आतला चीक कच्चाच राहतो. म्हणजे कोरण्याइतकी जाडी हवी तर शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त थर, आणि प्रत्येक थर जमेपर्यंत थांबणं. तयार झालेला गठ्ठा पूर्ण कडक होण्याआधी कोरायचा, नाहीतर कोरणीखाली कपचे उडतात.

चौदाव्या शतकात, युआन राजवटीच्या काळात, पूर्व चीनमधल्या जिआशिंगचे झांग चेंग आणि यांग माओ हे हिंगुळाच्या लाल थरांतल्या अशा कोरीव कामाचे नामांकित कारागीर. अशा तबकावरचा देखावा भिंगातून पाहावा. झाडं, मंडप, माणसं उठावात, आणि मागची जमीन कुठेही सपाट सोडलेली नाही. आकाशासाठी एक बारीक नक्षी, पाण्यासाठी लाटांची दुसरी, मातीसाठी फुलांची तिसरी. काही वस्तूंत लाल थरांमध्ये एकच काळा थर लपवलेला असतो. कोरणी तिथे पोचली की खोली कळते.

लाल, काळे, पिवळे थर आलटून पालटून देऊन तिरका खोल छेद घेतला, की उतारावर पट्टे उघडे पडतात. मला हा प्रकार लाल देखाव्यांहून अधिक आवडतो, कारण इथे चित्र नाही, फक्त थरांचा इतिहास. रेषा कोरून त्यांत सोनं भरण्याची पद्धतही होती.

सतराव्या शतकातल्या मोठ्या घडीच्या पडद्यांत कारागिरांनी रंगांची अडचण चक्क वळसा घालून टाळली. काळा थर कापून खालच्या अस्तरापर्यंत जायचं आणि त्या खळग्यांत तेलात कालवलेले रंग भरायचे. मग पांढरा, निळा, गुलाबी सगळं शक्य झालं. हे पडदे युरोपी व्यापाऱ्यांनी आपल्या पूर्व किनाऱ्यावरून पुढे पाठवले, म्हणून युरोपात त्यांना ‘कोरोमंडल’ नाव पडलं. माल चीनचा, नाव आपल्या किनाऱ्याचं!

आम्लाला न जुमानणारं लॅकर प्रकाशापुढे मात्र हरतं. अतिनील किरणांनी ते जाळं तुटतं, चकाकी जाते, सूक्ष्म भेगा पडतात. म्हणून संग्रहालयात या दालनांतले दिवे मंद असतात. कुरकुर करू नये.

बाजारात ‘जुनी चिनी’ म्हणून मिळणाऱ्या लाल डब्या पुष्कळदा साच्यात ओतलेल्या राळेच्या असतात. त्यांच्या नक्षीच्या कडा गोलसर, बुळबुळीत दिसतात. खऱ्या कामात कोरणीची धार कडेवर जाणवते, आणि एखादा टवका उडाला असेल तर तिथे भिंगाखाली थर दिसू शकतात.