चावी काढली तरी ट्रॅक्टर चालूच

ठाणे जिल्ह्यात मुरबाड आणि शहापूरकडे भाताची चिखलणी आटोपली, की जुना ट्रॅक्टर एक तर शेडमध्ये उभा राहतो किंवा उन्हाळ्यात पाण्याचा टँकर ओढू लागतो. अशा ट्रॅक्टरची एक तक्रार ऐकणाऱ्याला चक्रावून टाकते : चावी फिरवली, काढून खिशातही टाकली, पण इंजिन काही बंद होत नाही. मग कोणीतरी घाईघाईने बॅटरीची वायर काढतो. त्याने इंजिन तर थांबत नाहीच. उलट चालू इंजिनावर बॅटरी तोडल्यामुळे अल्टरनेटरमधील डायोड जळण्याची शक्यता असते.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 मध्ये जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखवलेल्या इंजिनाचे तत्त्वच असे, की नुसती हवा इतकी दाबायची की ती इंधन पेटवण्याइतकी तापावी. ट्रॅक्टरच्या इंजिनात हवा साधारण 16 ते 20 पट दाबली जाते आणि तिचे तापमान 500 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपासच आपोआप पेट घेते. म्हणजे विजेचे मुख्य काम स्टार्टर फिरवण्यापुरते. एकदा इंजिन सुरू झाले, की हवा आणि जळण्याजोगे काहीतरी मिळत राहीपर्यंत ते चालत राहते. शिवाय जुन्या डिझेल इंजिनात हवेची वाट सदैव उघडी असते. वेग कमी-जास्त होतो तो केवळ इंधनाच्या मापावर. त्यामुळे इंजिन थांबत नसेल, तर ते नेमके काय जाळत आहे, हा पहिला प्रश्न असतो.

बहुतेक वेळा उत्तर साधे असते : इंजिनावरचा इंधन पंप नोझलकडे ढकलतो तेच डिझेल ते जाळत असते. चावी नव्हे, तर डॅशबोर्डावरील इंजिन बंद करण्याचा दट्ट्या ओढला, की केबल पंपाच्या अंगावरचा छोटा दांडा फिरवते आणि पंपातील रॅक, म्हणजे इंधनाचे माप ठरवणारी पट्टी, सरकून नोझलकडे जाणारे इंधन शून्यावर येते. एकाने दट्ट्या ओढावा आणि दुसऱ्याने पंपाजवळ उभे राहून त्या दांड्याकडे पाहावे. पुष्कळदा असे दिसते, की आतली तार ओढली जाण्याऐवजी बाहेरचे आवरणच क्लॅम्पमधून सरकते आहे आणि दांडा अर्ध्यावर थबकला आहे. तो हाताने शेवटपर्यंत ढकलल्यावर इंजिन बंद पडले, तर पंप निर्दोष; नवीन केबल किंवा क्लॅम्पचा घट्ट स्क्रू एवढ्यावर काम भागते.

दांडा शेवटपर्यंत जातो, तरी इंजिन चालूच, किंवा दांडा हलतच नाही, तर संशय रॅकवर जातो. इथे कोकणपट्टीची हवा आपला गुण दाखवते. अर्धवट भरलेल्या टाकीत पावसाळी दमटपणामुळे पाणी साचते, ते डिझेलबरोबर पंपात उतरते आणि महिनोन्‌महिने न हललेल्या रॅकवर गंज चढतो. जुन्या डिझेलचा चिकट थर त्यात भर घालतो. रॅक अडकली, की वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचाही इलाज चालत नाही आणि ती जास्त इंधनाच्या जागी अडकली, तर इंजिन काळा धूर ओकत बेफाम वेग घेऊ शकते. असा पंप घरी खोलू नये. त्याचे भाग मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यांत बसवलेले असतात, म्हणून तो पंपाच्या मेस्त्रीकडेच द्यावा.

काही ट्रॅक्टरांत केबलऐवजी सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा खेचक चुंबक, असतो. त्यातल्या एका प्रकाराला इंजिन बंद करण्यासाठीच वीज लागते. तिथे बॅटरीची वायर काढणे म्हणजे थांबवण्याचा मार्ग आपल्याच हाताने बंद करणे.

वेग मंद असेल, तर टाकीखालचा डिझेल कॉक बंद करावा. फिल्टर आणि नळ्यांतले डिझेल संपेपर्यंत थोडा वेळ जातो. नंतर मात्र लाइनमध्ये हवा शिरलेली असल्याने एअर काढल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू होत नाही. नोझलच्या नळ्या सोडून इंजिन बंद पाडण्याची काहींना सवय असते, ती टाळलेलीच बरी. शेकडो बार दाबाची डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते.

खरा धोका वेगळ्याच प्रकारात आहे. डिझेल तोडले, तरी वेग वाढतच चालला आणि निळसर-पांढऱ्या धुराचे लोट निघू लागले, तर इंजिन स्वतःचे ऑइल जाळत आहे असे समजावे. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून ते वर चढते. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लिफ्ट पंपाचा पडदा फाटून ऑइलच्या चेंबरमध्ये डिझेल उतरले, की पातळी वाढून हे आणखी सोपे होते. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरच्या वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑइल भरले, तरी तेच ऑइल हवेबरोबर आत ओढले जाते. अशा वेळी एकच उपाय उरतो : हवा तोडणे. एअर क्लीनरच्या तोंडावर सपाट फळी घट्ट दाबावी किंवा कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाचा झोत सोडावा. हात किंवा फडके कदापि लावू नये, कारण तिथली ओढ भयंकर असते. तोंडापर्यंत पोहोचता येत नसेल, तर सरळ दूर जावे. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

बाहेरची ज्वलनशील वाफ हवेबरोबर आत ओढली गेली, तरी हेच होते. अमेरिकेतील टेक्सास सिटी रिफायनरीत 23 मार्च 2005 रोजी झालेल्या, 15 जणांचा बळी घेणाऱ्या स्फोटात पसरलेली वाफ बहुधा चालू ठेवलेल्या एका डिझेल पिकअपमुळे पेटली, असे तपासात निघाले. तळोजा किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांमध्ये टँकर घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाने हे ध्यानात ठेवावे.

इंजिन थांबल्यावर ‘पुन्हा करतो का’ हे पाहण्यासाठी ते लगेच सुरू करू नये. आधी डिपस्टिक काढून पाहावी : पातळी खुणेच्या वर, ऑइल पातळ आणि त्याला डिझेलचा वास असेल, तर लिफ्ट पंपाचा पडदा आणि सगळे ऑइल बदलून, एअर क्लीनरची वाटी खुणेपर्यंत आणून मगच स्टार्टरला हात लावावा, तोही फळी हाताशी ठेवून.