जुना बंधारा बदलायला शंभर वर्षं का लागतात

जुना बंधारा पाडून नवा बांधायची बातमी आली की पहिली कमेंट ठरलेली असते, "ब्रिटिशांनी बांधलेलं दीडशे वर्षं टिकलं आणि आपलं दहा वर्षात गळतं." अर्धं खरंय. टिकलं, पण कसं टिकलं ते बघायला लागतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. असा बंधारा म्हणजे धरण नाही, पाणी साठवायला नाहीच. नदीची पातळी काही फूट वर उचलायची आणि पाणी बाजूच्या कालव्यात वळवायचं एवढंच काम. धुळे-नाशिककडच्या पांझरा-मोसम नद्यांवरचे आपले फडाचे (गावाने वाटून पाणी घ्यायच्या जुन्या पद्धतीचे) बंधारे तेच करतात, पण ते शक्यतो खडक बघून बांधले, आणि दख्खनमधे काळा पाषाण फार खोल जावं न लागता मिळतो. तीच आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरहून निघून राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला पोचते तेव्हा पात्र काही किलोमीटर रुंद झालेलं असतं आणि खाली नुसती वाळू. पाया कशावर घालणार?

आर्थर कॉटन या ब्रिटिश इंजिनियरने 1847 ला तिथं बंधाऱ्याचं काम काढलं आणि 1852 ला संपवलं. बेटांच्या मधे मधे चार तुकडे, मिळून साधारण साडेतीन किलोमीटर लांब. ही आयडिया त्याने कावेरीवरच्या कल्लणै नावाच्या फार जुन्या बंधाऱ्यावरून उचलली, ते तो स्वतःच सांगायचा. वाळूवर दगडाचा जड ढीग टाका, तो खचेल तेवढा खचू द्या, मग वरून परत दगड टाका. डेल्टातले लोक आजही त्याला कॉटन दोरा (तेलुगूत दोरा म्हणजे साहेब) म्हणतात, घोड्यावरचा पुतळा पण आहे, आणि माझ्या मते तो मान बरोबरच आहे. पण बंधारा बांधून सोडून दिला असं कधीच झालं नाही. 1862 ते 67 मधे माथा वाढवला, 1897 ते 99 मधे परत, 1936 ला पुन्हा. म्हणजे आपण ज्याला 1852 चा बंधारा म्हणतो तो खरं तर ठिगळं लावलेली गोधडी होती.

आणि वाळूवरच्या बंधाऱ्याचा खरा शत्रू पूर नाहीच, तो खालून येतो. वरच्या बाजूला पाणी तुंबलेलं, खालच्या बाजूला कमी, मग ते पायाखालच्या वाळूतून वाट काढतं आणि खालच्या तोंडाला झऱ्यासारखं वर येतं. झरा स्वच्छ असेल तोवर ठीक, गढूळ झाला की समजायचं पोटातली वाळू वाहून चाललीय. गंगेवरचा नरोऱ्याचा बंधारा मार्च 1898 मधे असाच उखडला, आता मार्च म्हणजे काय पुराचा टाइम आहे का! मग ब्लाय नावाच्या इंजिनियरने 1910 च्या सुमाराला साधा हिशोब मांडला, पाण्याची पायाखालची वाट जितकी लांब तितकं सुरक्षित. 1936 ला खोसला या इंजिनियरने आणि मंडळींनी दाखवलं की नुसती लांबी मोजून भागत नाही, खालच्या टोकाला वाळूत खोल उभी भिंत पाहिजे, नाहीतर पाणी बाहेर पडतं तिथंच वाळू उचलली जाते. जुने बंधारे हे कळायच्या आधीचे, त्यामुळे आता नुसतं वरून प्लास्टर करून काम होत नाही.

मग बदलत का नाहीत? कारण कालवा बंद ठेवता येत नाही हो. धवळेश्वरमवर 10 लाख एकराच्या आसपास जमीन भिजते, एक हंगाम पाणी नाही म्हटलं तर लोक ऑफिसवर येतील. त्यामुळे जुनं चालू ठेवून नवं उभं करायचं, पाणी कमी असेल तेव्हा अर्धी नदी तात्पुरत्या बांधाने अडवायची, काम करायचं, पावसाळ्याआधी बाहेर पडायचं, की पुढच्या वर्षी परत. यमुनेवर 1873 चा ताजेवाला बंधारा होता, त्याच्या जागी 1990 च्या दशकात 3 किमी वरच्या बाजूला हथनीकुंड बॅरेज (म्हणजे उघडझाप करता येणाऱ्या दरवाजांचा बंधारा) बांधलं, म्हणजे जागाच बदलली. विजयवाड्याला कृष्णेवरचा 1855 चा बंधारा मात्र 1952 ला फुटला तेव्हाच हालचाल झाली, 1954 ला काम सुरू, 1957 ला प्रकाशम बॅरेज तयार. कावेरीवर मुक्कोंबूला पण तेच, ऑगस्ट 2018 मधे कोल्लिडम या कावेरीच्या फाट्यावरच्या जुन्या रेग्युलेटरचे (पाणी सोडायच्या दरवाजांच्या बांधकामाचे) 9 दरवाजे वाहून गेले आणि मग नव्याचा निर्णय पटकन झाला 🙂

धवळेश्वरमला त्या मानाने नशीब चांगलं, मोठं काही व्हायच्या आत 1970 ला काम काढलं, तरी 1982 उजाडलं. आता तिथं बॅरेज आहे, 175 दरवाजे. फरक काय, तर बंधाऱ्याचा माथा पक्का असतो, पुरात पण तो पाणी अडवतच राहतो आणि मागे गाळ धरतो. बॅरेजचे दरवाजे उचलले की नदी बऱ्यापैकी मोकळी. परीक्षा लवकरच झाली, ऑगस्ट 1986 ला तिथून 35 लाख क्युसेक पाणी गेलं. पण दरवाजे आले की त्यांची दुखणी पण आली, सप्टेंबर 2024 च्या पुरात प्रकाशम बॅरेजवर वाहून आलेल्या बोटी आदळल्या आणि दरवाजे उचलायला तोल देणारी वजनं तुटली, पूर चालू असतानाच रिपेअरिंग.

धवळेश्वरमची पुराची पातळी मात्र अजून फुटातच सांगतात, 11.75 ला पहिला इशारा, 13.75 ला दुसरा, 17.75 ला तिसरा.