शब्दकोडं हाताने रचताना: एका घरात किती अक्षर?

डिसेंबर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात पहिलं शब्दकोडं छापून आलं, ते शंकरपाळ्याच्या आकाराचं. काळी-पांढरी चौकट रूढ झाली ती पुढे. आपल्याकडे मध्यंतरी बक्षिसांच्या कोड्यांचं पेव फुटलं होतं. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याला १,००० रुपयांच्या वर बक्षीस देणाऱ्या स्पर्धांना मनाई केली आणि तो जोर ओसरला.

मराठीत कोडं रचणाऱ्याला याहून जास्त नडलं ते १९६२ साल. साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे १४ नियम केले. नागपूरचा विदर्भ साहित्य संघही त्या महामंडळात होता. १९७२ मध्ये आणखी ४ आले. या नियमांवर वाद पुष्कळ झाले, पण गणिताच्या वहीत पेन्सिलीने घरं भरणाऱ्याचं काय झालं, हे कोण बघतो?

फायदा झालाच. न उच्चारला जाणारा अनुस्वार गेला, 'नांव'चं 'नाव' झालं, आणि उभ्या 'नारळ'शी त्याचं जुळू लागलं. तोटा वेलांटीत. आडवं 'कविसंमेलन' लिहा. दुसऱ्या घरात ऱ्हस्व 'वि'. वरून येणारा 'रवि' पूर्वी तिथे बिनबोभाट बसायचा. आता सुटा शब्द 'रवी', समासात मात्र ऱ्हस्वच. घर एक, वेलांट्या दोन. बरेच जण अशा वेळी 'ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्या' म्हणतात. मला ती पळवाट वाटते. सोडवणारा बिचारा खोडत बसतो.

जोडाक्षराचं मात्र सगळ्यांनी निमूट मान्य केलं: कितीही जोडलं तरी घर एकच. नागपूरचं कोडं करायला बसलं की त्याची किंमत कळते. 'अंबाझरी'च्या 'री'वर शंभर शब्द मिळतील, पण पोह्यांवरची 'तर्री' तिथे चालत नाही, तिचा 'र्री' वेगळा. 'सीताबर्डी'चा 'र्डी' तर उभ्या ओळीत कशालाच लागत नाही. मग त्याच्या वर-खाली काळं घर द्यायचं आणि पुढे सरकायचं. प्रत्येक घर आडवं-उभं दोन्हीकडून जुळलंच पाहिजे, हा अमेरिकी हट्ट मराठीत परवडत नाही. मोकळी घरं चालवून घेणारी ब्रिटिश जाळीच सोयीची.

संगणकाने हे सुटेल असं वाटलं होतं. पण युनिकोडमध्ये 'र्डी' म्हणजे र, हलन्ताचं चिन्ह, ड आणि वेलांटी. इंग्रजीसाठी केलेलं साधन त्याची चार घरं करून मोकळं होतं. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी कोडीसुद्धा पुष्कळदा वहीच्या पानाचा फोटोच असतात.